हरणाबाईच्या नावाची बाटली

बाटलीवर माझी आई होती आणि तिच्या नाकात नथ होती.

माझ्या आईनं जन्मात नथ घातली नाही. तिच्या नाकात लवंगेच्या बोंडाएवढी फुली होती, ती लग्नात टोचली ती सरणावर गेली. बाटलीवरची बाई गोरीपान होती. गालाला खळी, कपाळावर चंद्रकोर, मागं हिरवंगार शेत. आमच्या माणदेशात इतकं हिरवं मी श्रावणातही पाहिलेलं नाही. बाईच्या खाली मोठ्या अक्षरांत ‘हरणाबाई’, त्याखाली बारीक अक्षरांत ‘लाइट बीअर’, आणि तळाला पिवळ्या पट्टीवर एक ओळ होती:

‘भाकरी सोडा, हरणाबाई घ्या.’

“कशी वाटली?” बिरदेवनं विचारलं. बिरदेव माझा नातू.

“ही कोन?”

“आगं, पणजी. तुझी आई!”

“हिला कुनी बघितलंया?”

“फोटो न्हाई ना तिचा आपल्याकडं. कॉम्प्युटरकडनं काढून घेतलं. कारखान्याचा वीरधवल म्हणला, लोकांना चेहरा लागतो.”

मी ती ओळ पुन्हा वाचली. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलंय, चुकीचं वाक्य मला दुरून ओळखू येतं. पण हे नुसतं चुकीचं नव्हतं. माझ्या आईनं आयुष्यभर जे सांगितलं, त्याच्या बरोब्बर उलटं तिच्या तोंडी घातलं होतं.

“रविवारी वीरधवल येतोय,” बिरदेव म्हणाला. “कागदावर तुझी सही पायजे. नाव वापरायला वारसाची परवानगी लागती, आणि तिची लेक तूच एकटी हायस. तू सही केलीस की त्याच्या कारखान्यात आपली बीअर सुरू.”

मी बाटली ओट्यावर ठेवली आणि पीठ मळायला घेतलं. राग आला की मी बोलत नाही. मुलं दंगा करायला लागली की मी खडू खाली ठेवून गप्प उभी राहायची, वर्ग आपोआप शांत व्हायचा. घरात मात्र त्या गप्प राहण्याचा अर्थ ‘होकार’ असा लावतात.

माझं माहेर म्हसवडच्या पूर्वेला, चार घरांच्या वाडीत. घरी मेंढरं. वर्षातनं दोनदा कातरणी असायची. त्या दिवशी आसपासच्या वस्त्यांवरचे धनगर आपापली कातर घेऊन यायचे आणि दिवसभर लोकर उतरवायचे. त्या कामाला मजुरी नसे. आज तुमच्या मेंढरांना आमचे हात, उद्या आमच्या मेंढरांना तुमचे. ज्याची कातरणी, त्यानं जेवण द्यायचं आणि ‘मोडाचं पाणी’ द्यायचं. ते पाणी माझी आई करायची. पंचक्रोशीत तिच्यासारखं कुणाला जमत नसे.

ज्वारी भिजवायची, ओल्या पोत्यात गुंडाळून मोड आणायचे, उन्हात वाळवायचे. मग तळहातानं चोळून कोंब झाडून टाकायचे, कारण कोवळ्या ज्वारीची किरळ, म्हणजे कोंबातलं विष, लागून गाय मरते हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ते दाणे भरडून कढत पाण्यात अर्धा दिवस झाकून ठेवायचे, गाळून उकळायचं, निवलं की मडक्यात भरायचं आणि गेल्या खेपेचा तळाचा गाळ त्यात सोडायचा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मडकं कुजबुजायला लागे. भट्टी नाही, नळी नाही. ताकाहून जरा चढं, एवढंच.

आणि ते द्यायची तिची एक रीत होती. आधी भाकरी, मग मडकं. कितीही वडीलधारा असो, लांबून चालत आलेला असो, ताटातली भाकरी संपल्याशिवाय ती वाटी भरायची नाही. “हातात कातर धरनाऱ्याला उपाशी पाजू न्हाई,” म्हणायची.

एका कातरणीला ज्ञानू नावाचा तरणा गडी आदल्या दिवसापासून उपाशी, मेंढरांमागं चालून आलेला. आई भाकरी थापत होती तोवर त्यानं मागच्या मागं मडक्यातल्या चार वाट्या मारल्या. थोड्या वेळानं तो बरळायला लागला, हात थरथरायला लागले. गडी हसायला लागले, “ज्ञानूला चढली, ज्ञानूला चढली!” आई तव्यावरनं उठली. पिठाचा हात त्याच्या कपाळाला लावला आणि ओरडली, “हसताय काय मुडद्यांनो! चढलेला मानूस तापतो. ह्यो गार पडलाय!” तिनं गुळाचा खडा त्याच्या गालात कोंबला आणि जबडा धरून बसली. घटकाभरानं ज्ञानू नीट बोलला. मी तेव्हा सात वर्षांची असेन. त्याच्या कपाळावरचा तो घाम मला अजून दिसतो.

पुढं दोन वर्षांनी पोलीस आले. दारूबंदीचे दिवस होते. दोघांनी मिळून तीन मडकी फोडली. पंचनाम्यात काय लिहिलं, आम्हाला वाचता येत नव्हतं. मग त्यांनी एका मडक्याचा फुटलेला काठ आईच्या गळ्यात अडकवला आणि तिला बाजारातनं चालवत नेलं. बाजाराचा दिवस होता. मी तिच्या लुगड्याचा पदर धरून चालत होते. ज्यांनी तिच्या हातची वाटी कपाळाला लावून घेतली होती, ते तोंड फिरवून वांगी निवडत होते.

नऊ दिवसांनी ती परत आली. पुन्हा तिनं ज्वारीला मोड आणले नाहीत. मला साताऱ्याला वसतिगृहात घातलं. “तितं तुला कुनी हरणीची पोर म्हननार न्हाई,” म्हणाली.

माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी एकच अट घातली: पोरीच्या आईचं कुठं बोलायचं नाही. हे तेव्हा पलटणीत शिपाई होते. सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि ती अट त्यांनी फौजी हुकमासारखी पाळली. पाहुण्यांनी विचारलं तर सांगायचे, “सासूबाई साध्या होत्या, मेंढरं राखायच्या.” एकदा घरी यांचे मित्र बसले होते, मी भजी देताना सहज म्हटलं, “आमच्या आईचं मोडाचं पाणी...” यांनी ग्लास खाली ठेवला. “त्यो इषय न्हाई काढायचा.” ग्लासात कॅन्टीनची रम होती. ती सरकारी सीलबंद बाटलीतली, म्हणून इज्जतीची.

पन्नासच्या वर वर्षं मी तो विषय काढला नाही.

तो काढला बिरदेवसाठी, आणि ती माझी चूक. तीन वर्षांपूर्वी यांच्या पायाचा अंगठा साखरेनं गेला. मिरजेच्या डॉक्टरांनी रम बंद केली, बीअर बंद केली, इन्शुलिनची इंजेक्शनं सुरू केली. हे सांगलीच्या घरात गॅलरीत बसून रस्त्यावरच्या रिक्षांवर खेकसायला लागले. बिरदेव त्याच सुमारास पुण्याची नोकरी सोडून आला होता. खाद्यपदार्थांच्या कंपनीत तपासणीचं काम करायचा. आजोबांसाठी म्हणून त्यानं गच्चीवर बीअर करायला घेतली: कार्ब नसलेली, हलकी.

पहिली खेप यांनी तोंडात घेतली आणि कुंडीत थुंकली. “बिऱ्या, ही बीर हाय का फरशी पुसल्यालं पानी?”

“आबा, कार्ब काढले की चव जाती.”

“मग चव आन की माघारी!”

आठ खेपा झाल्या. पोरगं रडकुंडीला आलं. एके दिवशी मी पापड वाळत घालायला गच्चीवर गेले, तर तो जवाचे मोड पातेल्यात शिजवत होता. तो वास माझ्या नाकात गेला आणि मी पापडाची परात हातात धरून तशीच उभी राहिले. साठ वर्षांपूर्वीचं घर त्या वासात होतं. मी म्हटलं, “नुसता जव नगं. निम्मी ज्वारी घे. आनि मूठभर मोड तव्यावर भाज, भाकरीवरच्या डागाच्या रंगावर.”

तो माझ्याकडं बघतच राहिला. “आजी, तुला काय म्हाइती?”

मग मी सगळं सांगितलं. कोंब चोळून कसे काढायचे ते सांगितलं. पाण्यात बोट बुडवून दाखवलं. ‘एक’ म्हणायच्या आत बोट ओढून घ्यावं लागलं की पाणी बरोबर. त्यानं तापमापक घातला, बासष्ट अंश निघाले. तो नाचला. “ह्याच तापमानाला कार्ब तुटतात, आजी! जितका जास्त वेळ ठेवू तितकी साखर होती, आणि यीस्ट ती सगळी खाऊन टाकतं. मागं गोड काय उरतच न्हाई!”

“आई अर्धा दिवस झाकून ठेवायची,” मी म्हटलं.

त्यात तो थोडा गूळ घालणार म्हटल्यावर यांचा जीव खालीवर झाला. “आरं, मला मारतुस का? साखर कमी करायला गूळ?” बिरदेवनं समजावलं, गूळ यीस्टला सगळाच्या सगळा खाता येतो, वास तेवढा मागं राहतो. पण त्यानं बाजारातनं सोन्यासारखा पिवळाधमक गूळ आणला होता. ती खेप फुगलीच नाही, कुजक्या अंड्यासारखी घाण सुटली. मी ढेप फोडून बघितली. “ह्यो इकायचा गूळ हाय, खायचा न्हाई. रंगासाठी पावडर मारलीया. ती पावडर तुझ्या त्या जीवांना जगू देईल व्हय?” मग ओळखीच्या गुऱ्हाळावरनं घरी खायला ठेवतात तो काळा, चिकट गूळ आणवला. त्याच्यावरची खेप दहाव्या दिवशी उघडली. हलकी, कडसर, कोरडी, आणि गिळल्यावर मागनं भाजलेल्या भाकरीचा वास. यांनी डोळे मिटले.

“काय चव हाय,” म्हणाले. “काय चव हाय, बिऱ्या.”

मला वाटलं, आता तरी हे आईचं नाव घेतील. यांनी दुसरा ग्लास मागितला.

तरी त्या दिवसांत मी सुखात होते, हे खोटं कशाला बोलू. आईची रीतसुद्धा मी बिरदेवला सांगितली होती. तो हसला होता. “आगं आजी, लोकं कार्ब कमी करायला ही पिनार. त्यांना म्हनू, आधी भाकरी खावा? मग साधी बीर काय वाईट?” पुढं या हलक्या बीअरला सूट देताना डॉक्टरांनीही आईचीच रीत बजावली होती. आठवड्याला एखादा ग्लास, आणि तो जेवल्यावरच. माझी नातसून सोनिया मिरजेला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, तिनं ते कागदावर लिहून फ्रिजला लावलं होतं. त्या कागदावर पुढं बिरदेवनं बाटलीच्या लेबलाचा नमुना चिकटवला.

रविवारी वीरधवल आला. सातारच्या बाजूला हमरस्त्यालगत त्याच्या घरच्यांचा परवाना असलेला बीअरचा छोटा कारखाना आहे. पोरगा वाईट नाही. पाया पडला, कंदी पेढे आणले. पण बोलताना माझ्याकडं न बघता माझ्या मागं बघायचा, फोटोसाठी भिंत चांगली आहे का ते.

“आजी, तुमची गोष्ट जबरदस्त आहे,” तो म्हणाला. “पोलीस, मडकी, बाजारातली धिंड. लोकांना हेच हवं असतं. आपण बाटलीच्या मागं छापू.”

“धिंड छापनार?”

“म्हणजे, बंडखोर बाई अशा अर्थानं. हरणाबाई, कायद्याला न घाबरणारी.”

“घाबरली हुती ती,” मी म्हटलं. “लुगडं ओलं झालं हुतं तिचं बाजारात. ते बी छापा.”

त्यानं बिरदेवकडं बघितलं. बिरदेवनं मान खाली घातली. आणि मग, इतका वेळ खुर्चीत रेलून बसलेले आमचे सुभेदार पुढं सरकले, मिशीवरनं बोट फिरवलं आणि म्हणाले, “आवं, आमच्या सासूबाई म्हंजी काय! वाघीन हुती. तिचीच रेसपी ही. आमच्या घरान्याची.”

आमच्या घराण्याची!

मी स्वयंपाकघरात निघून गेले. हाताला लाटणं लागलं ते ओट्यावर आपटलं तर सोनियाची चहाची बरणी पडली. त्याच गॅलरीत यांनी ग्लास खाली ठेवून माझं तोंड बंद केलं होतं. माझी आई मेली तेव्हा बाराव्याला आले नाहीत, रजा मिळत नाही म्हणाले. आता ती वाघीण झाली, कारण आता ती बाटलीवर आली. कायदा अजून बहुतेक तोच असेल. घरी करायला आजही परवाना लागतो म्हणे. पण गच्चीवर चार पिंपं लावली तर शेजारचे डॉक्टर चव बघायला वाटी घेऊन येतात. आईकडं आले ते काठ्या घेऊन. मडकं मातीचं होतं आणि बाई अनवाणी होती, एवढाच फरक.

तरी मी भाकरी थापल्या. चार माणसांच्या. ताट वाढून गॅलरीत नेलं. “जेवून घ्या, मग चव बघा.”

“भाकरी न्हेऊन ठेव आत,” हे म्हणाले आणि बाटलीवरच्या पिवळ्या पट्टीवर बोट ठेवलं. “वाच. मास्तरीन हायस न्हवं? भाकरी सोडा, हरनाबाई घ्या. सकाळधरनं म्या बी काय खाल्लं न्हाई. जाहिरातीत मीच बसनार हाय, मीच पाळाया नगं?”

वीरधवल खदाखदा हसला. “आबा, एक नंबर! हेच पुन्हा बोला, शूट करतो.”

“सकाळचं इंजक्शन घेतलंया तुमी,” मी म्हटलं.

“घेतलंय की. शुगर कशानं वाडंल? हितं शुगरच न्हाई!”

“बिरदेव,” मी म्हटलं.

“आजी, एकच ग्लास,” बिरदेव म्हणाला. “पाव्हन्यांसमोर नगं ना.”

मी ताट घेऊन आत आले. इथं मी थांबायला हवं होतं, ताट त्यांच्या मांडीवर आदळायला हवं होतं. पण पाहुण्यांसमोर तोंड न करायची सवय मला या घरानंच लावली होती, आणि ती त्या दिवशी यांच्याच जिवावर उठली.

तीन ग्लास झाले. बाराच्या सुमाराला गॅलरीतनं हसण्याचा आवाज वाढला. मी बाहेर आले. हे खुर्चीत वाकडे बसले होते आणि पलटणीतल्या कुणाला तरी हाका मारत होते. “भाऊसो, गाडी काड... भाऊसो...” हात थरथरत होता, ग्लास सांडला होता. वीरधवल मोबाइलवर टिपत होता. “आबांना चढली! लाइट बीअर चढली, लोक म्हणतील काय!” बिरदेवही हसत होता.

यांच्या कपाळावर घाम होता. मी हात लावला. गार. नदीच्या दगडासारखा गार.

“हसताय काय मुडद्यांनो!” मी ओरडले. तो आवाज माझा नव्हता. आयुष्यात मी कधी तसं ओरडले नव्हते. “चढल्याला मानूस तापतो! ह्यो गार पडलाय! बिऱ्या, सोनियाला फोन लाव. तू, तो मोबाइल खाली ठेव, त्यांची मान धर!”

गच्चीवरच्या खेपेसाठी आणलेली काळ्या गुळाची ढेप ओट्यावर होती. खलबत्त्यातल्या बत्त्यानं फोडली, वाटीभर पाण्यात चुरगळली. सोनिया फोनवर ओरडत होती, “आजी, गिळतायत का बघा! गिळत असतील तरच घाला, थोडंथोडं!” मी चमच्यानं ओठ ओले केले. गिळलं. पुन्हा घातलं. गिळलं. बिरदेवनं यांच्या बोटाला सुई टोचली, सोनियानं घरात ठेवलेल्या यंत्रावर आकडा आला: एकेचाळीस.

“लय कमी हाय,” सोनिया म्हणाली. “इन्शुलिन घेऊन उपाशी पाजलीत? गाडी काढा, ताबडतोब!”

वीरधवलच्या गाडीतनं मिरजेला नेलं. मागच्या सीटवर मी यांचं डोकं मांडीवर घेऊन वाटी धरून बसले होते. मिरजेच्या अलीकडं, कृपामाईच्या चौकापाशी यांनी डोळे उघडले, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाले, “त्वांड गोड कशानं झालंय?”

मी वाटीतला आणखी एक चमचा त्यांच्या ओठाला लावला.

दोन दिवस ठेवून घेतलं. डॉक्टर बिरदेवला माझ्यासमोर बोलले. दारू पोटात असली की शरीराला स्वतःची साखर सोडता येत नाही. वर इन्शुलिन, वर पोट रिकामं. त्यात बीअरमधली साखर तुम्ही काढून टाकलेली. कार्ब नाहीत म्हणजे अपाय नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? बिरदेव रडला. पुण्याच्या कंपनीत सात वर्षं तपासणी केलेला पोरगा. माझ्या आईला सही येत नव्हती, पण हे तिला माहीत होतं. रसायनं माहीत नव्हती, ज्ञानूचं कपाळ माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी हे घरी आले, आणि दुपारी वीरधवल कागद घेऊन पुन्हा हजर. त्याला वाटलं, आता माणूस वाचलाय तर सगळं ठीक आहे. हे दिवाणावर पडून होते. बिरदेव दाराच्या चौकटीला टेकून उभा.

“आजी, झालं त्याबद्दल खरंच वाईट वाटतं,” वीरधवल म्हणाला. “ते चित्रीकरण मी पुसून टाकलंय. सही तेवढी केलीत तर पुढचं सुरू करता येईल.”

मी कपाटातला माझा लाल पेन काढला. शाळा सुटली तरी तो मी ठेवलाय. लेबलाचा नमुना फ्रिजवरनं काढला, टेबलावर पसरला आणि पिवळ्या पट्टीवरच्या ओळीवर सरळ रेघ मारली. वर लिहिलं: ‘आधी भाकरी, मग मडकं. – हरणाबाई.’ मग कागद उलटून मागं लिहिलं: ‘बंडखोर बाईची गोष्ट नको.’

“ह्ये छापनार असाल तर सही करते. तिचं नाव पायजे तर तिची रीत बी घ्यावी लागंल.”

वीरधवलनं नमुना उचलून पाहिला. तो अवघडून हसला. “आजी, तुमच्या भावना समजतात. पण कार्ब टाळणाऱ्या माणसाला भाकरी खा म्हणायचं, म्हणजे... बाटलीच विकली जाणार नाही.”

“मग इकू नगा.”

“मागं बारीक अक्षरांत घालू की. ‘रिकाम्या पोटी पिऊ नये.’ नियमात बसेल.”

“बारीक अक्षरांत माजी आई लय राहिली,” मी म्हटलं. “साठ-पासष्ट वर्सं.”

“आगं, करून टाक की सही,” दिवाणावरनं हे म्हणाले. “पोराचं आयुष्य हाय. झालं गेलं...”

मी वळले. “तुमी गप बसा. तिचा इषय काढायचा न्हाई म्हनला हुता न्हवं? तुमच्यासाठी त्यो अजून बंद हाय.”

लग्न झाल्यापासून यांच्याशी मी असं बोलले नव्हते. हे भिंतीकडं तोंड करून झोपले. भिंतीकडूनच म्हणाले, “त्या दिशी गुळाची ढेप फोडल्याचा आवाज ऐकू येत हुता मला.”

वीरधवल बिरदेवकडं वळला. “तू बोल. नाव बदलूनही करता येईल. रेसिपी तर तुझ्याकडं आहे.”

हे खरं होतं. सही नसली तरी माझ्याकडनं काढायचं ते सगळं काढून झालं होतं. बोट, बासष्ट, काळा गूळ, तव्यावरची मूठ. दुसरं कुठलंही नाव चिकटवून त्यांना पुढं जाता आलं असतं, आणि मला एवढा राग आला होता की मी म्हणालेही असते, जा, घेऊन जा. पण मी नातवाकडं पाहत राहिले. खडू खाली ठेवून पाहायची तशी.

“नंतर बोलतो,” बिरदेव म्हणाला. वीरधवल गेला. सही न झालेला कागद तसाच त्याच्या पिशवीत गेला.

आठ दिवस बिरदेव माझ्याशी बोलला नाही. मीही बोलले नाही. सोनिया दोघांच्या मध्ये वाट्या सरकवायची. “आजी, लय ताणू नका,” म्हणायची. गच्चीवरची पिंपं झाकलेली होती. शेजारचे डॉक्टर एकदा वाटी घेऊन जिन्यात आले आणि तसेच परत गेले.

काल सकाळी अकराच्या सुमाराला बिरदेव जिना उतरून आला. हात कोपरापर्यंत ओले, बोटांना ज्वारीचे कोंब चिकटलेले. सकाळपासून त्यानं काही खाल्लं नव्हतं, तोंड सुकलं होतं.

“वीरधवलला नगं म्हनून सांगितलं,” म्हणाला. “त्याच्यासंगं दुसऱ्या नावानं बी न्हाई करनार.”

मी तव्यावरची भाकरी उलटली.

“परवान्याचं मी माझं बघतो. वर्स लागंल, दोन लागतील. पन आजी, कोंब निघंनात नीट. चोळायच्या आधी किती वाळवायचे?”

मला सांगायचं नव्हतं. अजून राग होता, अजूनही आहे. आईला बाजारातनं नेलं तो रस्ता मी अजून चालते आहे, आणि एवढ्यानं तो संपत नाही. एका पोरानं एक नाव मागं घेतलं, म्हणून मी खूश व्हायचं काय?

मी ताट घेतलं, भाकरी ठेवली, वांग्याचं भरीत वाढलं आणि त्याच्यापुढं सरकवलं.

“आदी ह्ये खा. मग सांगते.”

“खातो की, पन सांग तर...”

“सगळी खा.”

तो पाटावर बसला आणि जेवायला लागला. दिवाणावरनं हे हळूच म्हणाले, “मला बी वाड.” मी यांनाही वाढलं. दोघं जेवत होते तेवढ्यात मी टेबलावरचा तो लेबलाचा नमुना ओढला, लाल पेन घेतला आणि त्या बाईच्या नाकातली नथ खोडली. फुली काढायला गेले, पण पेनाचं टोक जाड, ती फार मोठी आली.